ठाण्यातला सगळ्यात जुना

हर्सूलच्या रस्त्यावर पोलीस ठाण्यासमोर माझं चहाचं हॉटेल आहे. एक सुदानी पोरगा रोज सकाळी एका शिपायाच्या पहाऱ्यात चहाला यायचा. इथं शिकायला आलेला. मागं देशात लढाई पेटली आणि इथं व्हिसा संपला. आसरा मागणाऱ्या त्याच्या अर्जावर दिल्लीहून उत्तर येईना. तोवर सोडता येत नाही आणि पेटलेल्या देशात परत धाडताही येत नाही, म्हणून ठाण्याच्याच मागच्या खोलीत ठेवलेला.

कोरा चहा तो बशीत ओतून प्यायचा. बूट मात्र भर उन्हाळ्यातही काढत नसे. "सोडा नायतर धाडा, बूट पायात पायजे," म्हणायचा. मराठी त्याला शिपायांनीच शिकवलेली.

पुढं त्या शिपायाची बदली झाली. नवा आला तो बावरलेला; पहिल्याच दिवशी त्याला 'ह्यांच्यासंगं चहाला जा' एवढंच सांगितलेलं. सुदान्यानंच बाकडं पुसून त्याला बसवलं. "साहेब, पंखा इकडं लागतो. मोठे साहेब उशिरा येत्यात, निवांत घ्या."

नव्या शिपायानं मला हळूच विचारलं, "मामा, ह्ये आपल्याच ठाण्याचे का?"

"व्हय, सगळ्यात जुने," मी म्हणालो.

सुदानी हसला. "समद्यांची बदली व्हते, मामा. माझीच नाय."

मग वाकून त्यानं बुटाची नाडी घट्ट केली.