आपलं झालं असेल तर

मुलांनो, अख्ख्या कोथरूडमध्ये सगळ्यांत नेमकं मराठी माझे मावसदीर बोलत. फक्त त्याला वेळ लागे, आणि पुण्यात दुपारी झोपायला वेळ असतो, ऐकायला नसतो. भावोजी अडखळत बोलत. 'अडखळत' हा शब्द त्यांनीच मंजूर केलेला, 'तोतरे' म्हणणाऱ्याला ते विचारत, "आपल्याला मी ट-टकले म्हणू का?" 'बिचारे' तर मुळीच खपत नसे. त्यांचं वाक्य मध्येच कोणी पुरं केलं की ते हात जोडत, "आपलं झालं असेल तर माझं सुरू करतो," आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा निघत. एकदा त्यांनी "श-श" म्हणताच वाण्याने शेंगदाणे बांधले. हवं होतं शहाजिरं. मागे रांग लागली, पण शहाजिरं घेतल्याशिवाय ते हलले नाहीत. आमचे डॉक्टर एकदा कौतुकाने म्हणाले, "आज छान बोललात, एकदाही अडखळला नाहीत." भावोजी म्हणाले, "म्ह-म्हणजे काल बोललो ते वाईट होतं?"

भावोजींच्या लेकीच्या लग्नाची बैठक ठरली तेव्हा मात्र त्यांच्या थोरल्या भावाने बजावलं, "तू गप्प बस. मंगलाष्टकं म्हण हवी तर, गाताना तुझं अडत नाही." लेकीचा जीव त्या मुलावर जडला होता, म्हणून भावोजी पोह्यांच्या बशीकडे बघत बसले. मुलाच्या आईने थोरल्यांना विचारलं, "यांचा हा दोष घराण्यात आहे का हो?"

"छे, याच्यापुरताच."

'दोष' ऐकून भावोजींनी मान वर केली. "माझी मुलगी स... स..."

"सालस आहे," थोरल्यांनी उरकलं. सगळे सुटल्यासारखे हसले. आता हात जोडले जाणार, म्हणून मी पदर सावरून बसले. भावोजींनी लेकीकडे पाहिलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. एकदाही न अडखळता.

मुलाची आई खूश झाली. "बघा, मनात आणलं की जमतं त्यांना."

लग्न झालं. मंगलाष्टकं भावोजींनी सुरेख म्हटली, आणि ज्यांना त्यांचं एक वाक्य ऐकवत नव्हतं त्यांनी ती वाखाणलीसुद्धा. त्या 'स'च्या पुढे काय होतं, हे मी बरेचदा विचारलं. ते चहा मागत. आता ते नाहीत, आणि ते वाक्यही नाही.

तन्मय, परवा फोनवर तू "आजी, मला प-प" म्हणालास, आणि मग "जाऊ दे". अगदी स्वच्छ. मी अजून त्या 'प'पाशीच थांबले आहे. पुढच्या वेळी पहिल्यापासून सांग. दुपारी मी झोपत नाही.