मधोमध भाजलेली भाकरी

लेख पाठवायला फार उशीर झाला, गौरव समितीने माफ करावे. लिहायला बसायचो आणि उठायचो. अण्णांच्या पंचाहत्तरीचा ग्रंथ साताऱ्याच्या ज्या कंपनीच्या खर्चाने निघतो आहे, तिच्याच पुस्तकात आपण कौतुक लिहायचे, हे मनाला पटत नव्हते. हे वाक्य छापायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.

अण्णांची पहिली भेट सांगलीत झाली. मी सातवी शिकलेला, पाण्याच्या मोटारींचे वाइंडिंग, म्हणजे आत तारेचे वेढे भरायचे काम, करायचो. अण्णा जळालेली मोटार घेऊन आले आणि काम होईपर्यंत शेजारी उभे राहिले. जाताना म्हणाले, "पलूसला शेड टाकतोय. येताय का? हात चांगला हाय तुमचा." दुसऱ्याच्या हाताला चांगले म्हणणारा मालक मी तोवर पाहिला नव्हता. मी पलूसला गेलो.

पुढे साताऱ्याच्या त्याच कंपनीने आमच्या शेडमध्ये इंडक्शन शेगडीच्या कॉइलचे काम आणले. तिच्या शेगडीवर पाणी झटकन उकळायचे, पण ज्वारीची भाकरी कड्यासारखी गोल करपायची आणि मधे कच्ची राहायची. कंपनीचे साहेब म्हणाले, "लोक चहा करतात हो यावर. भाकरी कोण करतंय?"

अण्णा हसले. "साहेब, एकदा जतला जाऊन या. भाकरी खाल्ल्याबिगर कोण सोडणार न्हाई."

मग अण्णांनी कॉइल नव्याने आखली. तारेचे वेढे मध्याजवळून सुरू केले, थोडी फट सोडून पुन्हा बाहेर गुंडाळले. शेडचा नियम असा, की प्रत्येक नमुन्यावर अण्णांच्या घरच्या वहिनींनी लोखंडी तव्यात भाकरी करायची आणि ती सगळ्यांनी खायची, कच्ची असली तरी. आमची पोटे बिघडली. वाइंडिंगवरच्या शालनताई म्हणाल्या, "आवं अण्णा, कॉइल सुधारंस्तवर आमी जगतोय का?" अण्णांनी त्यांच्या हातातला तुकडा घेऊन स्वतः खाल्ला. असे करत करत एक भाकरी मधोमध भाजून टम्म फुगली.

तीच कॉइल कंपनीने आपली म्हणून विकली. खोक्यावर अण्णांचे नाव नाही, पलूसचेही नाही. आता कंपनीने अण्णांपुढे कागद ठेवला आहे, की ही रचना कंपनीचीच असे लिहून द्या. सही झाली की वाइंडिंग साताऱ्याला यंत्रावर जाणार आणि शालनताईंसकट आम्ही सगळे घरी. मी विचारले तर म्हणाले, "शाल घालाय आलेल्या माणसाशी कसं भांडायचं?"

हा भिडस्तपणा इतर लेखक गुण म्हणून सांगतील. मला त्याची धास्ती वाटते. मिरजेला माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा डोळ्यात थेंब घालायला अण्णा स्वतः बसले होते. त्यांच्या गौरवात असे कडू लिहिताना बरे वाटत नाही. पण गोड लिहावे असे कंपनीने काही ठेवलेलेच नाही.

अण्णांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, रोज भूक लागो, सुखाची झोप लागो. समितीत त्यांच्या जवळची मंडळी आहेत, म्हणून विनंती करतो. अण्णा सही करणार आहेत का? शेडमधल्या बायका रोज विचारतात आणि मी रोज "अण्णा हायत की" म्हणतो. हे अजून किती दिवस म्हणायचे, तेवढे लवकर कळवा.