रक्त पातळ, बाई खमकी

माझ्या सासूबाई, सत्यवतीआई, करंजाड्यात तांदळाच्या भाकऱ्या करून विकतात. हळदी-लग्नाच्या ऑर्डरी असतात, हात थांबत नाही. सहा-सात वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यायची. आजवर एक चुकलेली नाही.

'पातळ' या शब्दानंच पहिल्या वर्षी घोटाळा केला. श्रावणात त्यांची थोरली बहीण, रंभामावशी, राहायला आली.

"रगात पातळ झालंय? मंग अंगात ऱ्हायलं काय गो तुज्या?" म्हणत तिनं रोज माठ आणि शेवग्याचा पाला वाट्या भरभरून खाऊ घातला. आम्हालाही ते पटलं.

तपासणीत निघालं, रक्त लवकर गोठतंय. डॉक्टरीणबाईंनी गोळी थोडी वाढवली आणि समजावलं, "पातळ म्हणजे पाणचट नव्हे. रक्त गोठवणारी प्रथिनं लिव्हर बनवतं. गोळीमुळे त्यातली काही अर्धवट राहतात, म्हणून रक्त उशिरा गोठतं. पालेभाजीतलं 'के' जीवनसत्त्व ती पुरी करतं. भाजी सोडू नका, पण रोज सारखीच, एक छोटी वाटी खा. एकदम वाढवलीत तर गुठळी होऊन झडप अडकेल."

आणि लगेच ऋषिपंचमी आली. त्या दिवशी आमच्याकडे फक्त ऋषीची भाजी. अळू, माठ, पोटभर. आईंनी लग्नापासून हे व्रत चुकवलं नव्हतं. मीही देवाधर्माची, व्रत मोडा असं मला म्हणवेना.

आईंनी रोजची छोटी वाटी घेतली, एकदाच भरली.

"आजच्या दिसाला काय नाय व्हत," मावशी म्हणाली, "देव हाय ना! वरत मोडू नको."

"देवानंच झडप चालू केली ना, बाय? ती भाजी कोंबून बंद करू? तुज्या तोंडाला बसवायला पायजे व्हती एक."

मावशी रुसली. आई दिवसभर त्या एका वाटीवर राहिल्या आणि संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून त्यांनी हात जोडले.

पुढच्या तपासणीत आकडा हवा तिथे आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. म्हणजे यंदा ऋषिपंचमीचा उपास सोडलात तर!"

"सोडते कशाला? भूक वाढवली, भाजी नाय वाढवली."

बाहेर बाकावर पेशंट बसले होते. ही माझी सासू, असं त्या सगळ्यांना सांगावंसं वाटलं मला.