पहिली पोळी

पोळ्या मी करते. तव्यावरून उतरलेली पहिली पोळी सासूबाई उचलतात, दुधात कुस्करतात आणि वाटीवर फुंकर घालत बसतात. "थांब रे, भाजेल तुला," असं लाडूला सांगतात. लाडू म्हणजे महिन्यापूर्वी आमच्याकडे आलेलं कुत्र्याचं पिल्लू.

संध्याकाळी एकेक जण घरी येतो आणि चपला काढता काढता विचारतो, "लाडू जेवला का?" मुलं विचारतात, नवराही विचारतो. चौदा वर्षं ही माणसं याच दारातून आत येताहेत. असं काही विचारणं त्यांना जमतं, हे मला आत्ता कळलं.

वीतभर जिवाचा हेवा करायचा म्हणजे लाजच वाटते. पण माया म्हणजे तरी काय असते? आपण जेवलो की नाही याची दुसऱ्या कुणाला तरी रुखरुख असते, एवढंच ना?

काल सगळ्यांचं उरकल्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच जेवायला बसले. लाडू आला आणि माझ्या पायावर हनुवटी टेकून वर बघत राहिला. मी विरघळलेच. माझ्या पोळीचा तुकडा मोडून त्याच्यापुढे धरला.

त्यानं तो हुंगला आणि तोंड फिरवलं. गार पोळी तो खात नाही.