पांढऱ्या साडीची तिसरी ओळ

दुपारी कोळशाच्या खाणीत सुरुंग उडाला की आमच्या गावात फडताळातली भांडी वाजतात. मी त्या आवाजात वाढले, आणि माझा स्वभावही तिथूनच आला असावा. पुण्याला जाऊन बॅले शिकले, परत येऊन गावाजवळच्या वणीत एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत वर्ग काढला, तेव्हा लोक म्हणायचे, बाई एवढी तापट आणि नाच एवढा नाजूक. नाजूक म्हणणाऱ्यांनी एकदा बोटांच्या टोकांवर उभं राहायचे ते बूट काढल्यावरचे पाय बघावेत. नखं काळीनिळी, टाचा सोललेल्या. आमच्या नाचात मार आधी स्वतःला द्यावा लागतो.

कोरियातल्या एका नृत्यमंडळाचा बॅले मी मोबाइलवर पाहिला आणि रात्रभर दात आवळून पडून राहिले. त्यांच्याकडे तीन ओळींची जुनी कविता असते, सिजो. पहिली ओळ गोष्ट काढते, दुसरी पुढे नेते आणि तिसरी मान फिरवते. तशा कवितांवर त्यांनी आजचा नाच बसवला होता. अंगात पांढरे कपडे, बाजूला एकच ढोल आणि हातात लांब पांढरं कापड. अंगाला चिकटलेलं अरिष्ट सोडवायचा त्यांचा एक नाच आहे, ते कापड त्यातलं. नाचणारी त्या कापडाशी अशी झुंजत होती की मला माझे खांदे दुखल्यासारखे झाले. बॅले माणसाला वर उडायला सांगतो. हा नाच आधी खाली बसवतो. टाच टेकायची, मग चवडा, श्वास सोडत गुडघ्यात उतरायचं आणि तिथून फटका मारल्यासारखं उठायचं.

ते उठणं माझ्या वर्गात एकाच मुलीला जमलं, माझ्या भाचीला. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, सतरा वर्षांची, अंगानं काटकुळी आणि हट्टानं माझ्यावर गेलेली. तिला पुण्याच्या एका नृत्यशाळेत निवडीसाठी बोलावणं आलं. तिचे वडील, माझे भाऊजी, खाणीवर डंपर चालवतात, बोलतात कमी. ते म्हणाले, "तान्ह्या पोळ्याले गावासमोर नाच. गावानं शेवटपर्यंत पाह्यलं तर मी सोता पुण्याले नेऊन सोडतो. नाही पाह्यलं, तर पुन्हा इषय काढाचा नाही."

मी भांडले. गाव कोण लागतं आपलं, असंही बोलून गेले. पण त्यांनाही रोज त्याच चौकातून जायचं होतं, आणि आमची वस्ती चौकाच्या कोणत्या बाजूला आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकवलं गेलं होतं. भाची म्हणाली, "मावशी, बाबा म्हन्तात तर करून दाखवतो ना. भांडतं काहून?"

मग आम्ही दोघींनी आमचीच तीन ओळींची कविता केली, सिजोच्या मापाची:

खाणीत सुरुंग उडाला, ताटातलं वरण हललं.
काळी धूळ उंबऱ्यावर, पांढरी साडी दोरीवर.
धूळ म्हणाली, येऊ का? साडी म्हणाली, मीच येते.

कापड म्हणून ताईनं तिची लग्नातली साडी दिली. आमच्याकडे नवरी पांढऱ्या साडीत बुद्धापुढे उभी राहते. गावातल्या बाकीच्यांना पांढरं दिसलं की तिरडी आठवते, हे मला माहीत होतं. मला वाटलं, बघू देत एकदा.

आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा, लाकडी बैलांचा तान्हा पोळा असतो, आणि सकाळी मारबत निघते. कागद-चिंध्यांची बाई करायची, गावाचा रोग, गावाची पीडा तिच्यावर लादायची, शिव्या देत, झोडपत शिवेबाहेर न्यायची, फेकायची आणि मागे न पाहता घरी यायचं. त्या वर्षी गावात तापाची साथ होती. आणि तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मारबत पावसात भिजून चौकातच फाटली. शिवेपर्यंत गेलीच नाही. दिवसभर लोक तेच बोलत होते. दुपारी घरोघर मटण शिजलं, दारू झाली, आणि संध्याकाळी चौकातल्या मंचासमोर जमले तेव्हाही तेच चाललं होतं. मंचाच्या कडेला पोरांनी सजवून आणलेले लाकडी बैल ओळीनं मांडले होते.

उत्सव समितीच्या अध्यक्षांना मी माईकवर सांगायला एकच वाक्य दिलं होतं: कोरियन कवितेवर आधारलेला नाच. पण आमच्या या दीडशहाण्यानं सरावाच्या वेळी कापड कशासाठी म्हणून विचारून ठेवलं होतं, आणि अंगाचं अरिष्ट सोडवायला, असं मी सांगून बसले होते. माईक हातात आला आणि त्याच्या जिभेला हाड राहिलं नाही. "आता आपल्या गावची पोरगी," तो म्हणाला, "कोरियाची मारबत दाखवून राह्यली."

पहिली ओळ भाचीनं केली, लोक बघत होते. दुसऱ्या ओळीत ती टाच टेकत, खाली बसत, साडी डोक्यावरून ओढत पुढे आली. ताईनं माझा हात धरला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "पीडा घेऊन जाय वो मारबत."

हशा झाला. मग दुसऱ्यानं म्हटलं, मग दहाजणांनी. हसणं कुठे संपलं ते मला कळलं नाही. एक चप्पल मंचावर आली. भाची थांबली नाही. एकजण वर चढला आणि त्यानं साडीचं टोक ओढलं. भाचीनं दुसरं टोक सोडलं नाही, म्हणून ती साडीसकट खाली आली.

पुढचं मी तुकड्या-तुकड्यांतच सांगू शकते. पोळ्याला दारोदार लावलेल्या पळसाच्या फांद्या. "रोगराई घेऊन जाय, ताप घेऊन जाय." आधी ते साडीला झोडपत होते, मग साडीत जे होतं त्याला. कुणी म्हणेल दारू होती, रिवाज होता, भान नव्हतं. सरपंचाची मुलगी त्याआधी तिथेच नाचून गेली होती, तिला कुणी मारबत म्हटलं नाही. ही पोरगी कोणत्या वस्तीतली, एवढं भान सगळ्यांना होतं.

मी मंचाच्या कडेचा एक लाकडी बैल उचलला आणि साडी ओढणाऱ्याच्या तोंडावर घातला. दात पडल्याचा आवाज आला, तो मला आवडला. दुसऱ्याच्या मनगटाला मी चावले. कुणीतरी माझे केस धरून मला नालीत ढकललं. भाऊजी गर्दीत घुसले तेव्हा त्यांच्या कपाळावर काठी बसली, तरी ते ढकलत राहिले. पण गर्दी भाचीला ओढत पुढे वाहत गेली, आणि आम्ही तिच्या मागे धावत होतो. ताई सगळ्यांत पुढे होती.

शीव म्हणजे कोळशाच्या रस्त्यावरचा पूल. तिथे त्यांनी भाचीला रस्त्याच्या कडेला, काळ्या धुळीत फेकलं. आणि रिवाजाप्रमाणे वळले. आत्तापर्यंत झोडपणारी माणसं देवळातून परतावं तशी शहाण्यासारखी, खाली मान घालून निघाली. एकानंही मागे पाहिलं नाही. मागे पाहिलं तर पीडा घरी येते ना. त्या पाठींचा मला जेवढा संताप आला, तेवढा त्या काठ्यांचाही आला नव्हता.

भाची उठून बसली. भुवई फाटली होती, पायाच्या अंगठ्याचं नख लोंबत होतं. मी तिला उचलायला वाकले, तर तिनं मला ढकललं.

"मावशी, सरक. तिसरी राह्यली."

तिनं साडीचं टोक शोधलं. साडी चिखलानं आणि कोळशानं भरली होती. ढोल नव्हता. टाच, मग चवडा. दुखऱ्या पायावर ती उतरली आणि मला जन्मात बसवता आलं नसतं, तशी उठली. कोळशाचा ट्रक हॉर्न देत आला. भाऊजी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, एक हात ट्रककडे वर केलेला, एक डोळा रक्तानं मिटलेला, दुसरा मुलीवर. ट्रक थांबला. तिनं साडी धुळीवरून ओढत आणली, मान फिरवली आणि त्या जाणाऱ्या पाठींकडे बघत उभी राहिली. तिसरी ओळ झाली.

मग तिचं अवसान गेलं आणि ती रडायला लागली. मार लागला म्हणून नाही. "बाबा," ती म्हणाली, "गावानं तं शेवटपर्यंत पाह्यलंच नाही."

भाऊजींनी हात खाली घेतला. "कोनतं गाव?" ते म्हणाले.

त्यांनी तिला उचलून ट्रकच्या केबिनमध्ये बसवलं. ताईनं साडी गोळा करून पोटाशी धरली, आणि आम्हीही चढलो. ड्रायव्हर वणीलाच चालला होता, तिथे दवाखाना होता आणि पुण्याची गाडीही तिथूनच सुटायची. ट्रक निघाला तेव्हा आरशात आमच्या गावाचे दिवे दिसत असणार. मारबत टाकल्यावर मागे पाहू नये म्हणतात. आम्हा चौघांपैकी कुणीच पाहिलं नाही.