आत्याची काळी शटरं

माझी आत्या रागावली की ओरडत नाही, फडकं पिळते. कोरडं असलं तरी पिळते. आतोबांनी लग्नानंतर पहिल्याच वर्षात ही खूण ओळखली आणि तेव्हापासून आत्याच्या हातात फडकं दिसलं की ते पेपर घेऊन गॅलरीत जातात. पेपर वाचून झालेला असला तरी.

आत्याच्या आयुष्यात फडकं पिळण्याची बहुतेक कारणं समोरच्या दारात राहतात. जिना चढून आलं की डावीकडे आत्या, उजवीकडे तिची धाकटी जाऊ. दोन भावांना वडिलांनी एकाच मजल्यावर, अगदी एकसारखी घरं घेऊन दिली. प्रेम टिकावं म्हणून. भावांचं टिकलं.

धाकट्या काकूला आत्या पाठीमागे 'कार्बन' म्हणते. आत्या आधी वर्षभर विचार करते, दुकानं पालथी घालते, कापड चिमटीत धरून बघते, खुर्चीवर बसून, उठून, परत बसून बघते. मग घेते. काकू आत्याकडे चहाला येते, "अय्या ताई, छान आहे हो," म्हणते आणि आठवड्यात तेच घेऊन मोकळी होते. पडदे तेच, गाद्यांचे अभ्रे तेच, दारातलं पायपुसणंसुद्धा तेच. एकदा मी फोनवर बोलत बोलत चुकून काकूच्या घरात शिरलो आणि सोफ्यावर आडवा होऊन चहा सांगितला. चहा आला, हेही सांगितलं पाहिजे.

पण सोफ्याचं प्रकरण वेगळं. आत्याने राखाडी सोफा ठरवला, कापड निवडलं, बनवायला टाकला. काकूने दुकानात जाऊन तसलाच तयार उचलला, म्हणजे तिचा आधी आला. मग आत्याचा आला त्या दिवशी घरी पाहुणे होते. त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "अरे वा, जावेसारखाच घेतलात की!" आणि काकू, हातात पाहुण्यांचा ट्रे, गोड हसून म्हणाली, "अहो, ताईंना माझंच आवडतं. घेऊ देत हो, आपलं काय जातंय!"

आत्या हसली. पाहुणे गेल्यावर तिने जे फडकं पिळलं, त्याच्या चिंध्या झाल्या.

त्यामुळे यंदा सिंकखालचं लाकूड कुजलं आणि सगळं किचन नवं करायचं ठरलं, तेव्हा आतोबांना जी धास्ती वाटली ती खर्चाची नव्हती.

आत्याला कसं किचन हवंय हे तिला केव्हापासून माहीत होतं. फिकट शेवाळी, मॅट. चमक नाही, आरसा नाही. किचन बनवणाऱ्या मिस्त्रींच्या दुकानातून ती शटरांच्या, म्हणजे कपाटांच्या दारांच्या, नमुन्याचे तुकडे घरी घेऊन आली आणि तिने त्यांचे हाल केले. नळाखाली धरले, उन्हात ठेवले, वर चहा सांडला, तेलाचं बोट फिरवलं. मला म्हणाली, "हात लाव."

"स्वच्छ आहेत गं हात."

"म्हणूनच. लाव."

मी शेवाळी तुकड्याला हात लावला. काही दिसलं नाही. मग तिने काळाभोर, चकचकीत तुकडा पुढे केला. त्यात माझं नाक दिसत होतं. मी बोट टेकवलं आणि उचललं. बोटाच्या रेषासुद्धा मोजता आल्या असत्या.

"पोलीस चौकीत लावायला बरा आहे," मी म्हणालो.

तुकडा खिडकीशी नेऊन आत्याने माझा ठसा एकदा या बाजूने पाहिला, एकदा त्या बाजूने पाहिला. मग पदराने पुसला. पुसल्यावर तिथे ठशाऐवजी फराटा उमटला. तो बघून आत्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मी तिच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही.

इथे मिस्त्रींची पद्धत सांगायला हवी. कधीतरी कुणा गिऱ्हाइकाने "मी हा रंग सांगितलाच नव्हता" म्हणून त्यांच्याशी भांडण केलं होतं. तेव्हापासून ते नमुन्याच्या तुकड्यामागे गिऱ्हाइकाची सही घेतात आणि तो तुकडा दुकानातल्या भिंतीवर खिळ्याला टांगतात. काम संपेपर्यंत तो तिथेच. कुणीही यावं, उलटून बघावं, कुणाकडे काय चाललंय ते कळावं. काकूला हे चांगलं ठाऊक होतं. आपलं किचन धडधाकट असूनही गेले काही दिवस ती मिस्त्रींकडे 'सहज' जात होती.

आत्याने काळ्या तुकड्यामागे सही केली. पूर्ण नावाची, ठसठशीत.

"ताई, हा?" मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली आणि परत खोचली. "रोजच्या वापराला... म्हणजे बघा..."

"हाच. टांगा. दिसेल असा टांगा."

बेत सोपा होता. काकू येणार, सही बघणार, तेच सांगणार. तिच्याकडे तो माल पक्का झाला की आत्या जाऊन आपला तुकडा उतरवणार आणि शेवाळीवर सही करणार. मग काकूने जन्मभर पुसत बसावं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसावं, ताईंना माझंच आवडतं म्हणून.

काकू दुसऱ्याच दिवशी दुकानात गेली. आत्याला हे जिन्यातल्या तिच्या चपलांना लागलेल्या लाकडाच्या भुशावरून कळलं. तिने आनंदाने फडकं घडी करून ठेवलं.

थोड्या दिवसांनी, शेवाळी तुकडा पिशवीत घालून, आत्या मला घेऊन मिस्त्रींकडे गेली. भिंतीवर आता दोन काळे तुकडे शेजारीशेजारी टांगलेले होते. उलटून पाहिलं तर एकावर आत्याची सही, दुसऱ्यावर काकूची. सहीचं वळणसुद्धा जरा तसंच वाटलं मला.

"मिस्त्री, माझं जरा बदलायचंय."

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. "बदला की. उद्या दोन्ही घरांचा माल एकदमच कापून, चिकटवायला प्रेसला लावणार होतो. आज सांगितलंत ते बरं केलंत. त्यांना फोन करतो लगेच."

"कुणाला?"

"तुमच्या जाऊबाईंना. त्या बजावून गेल्यात. 'ताईंनी काही बदललं तर आधी मला सांगायचं, मग मशीन चालू करायची.' मी शब्द दिलाय."

"आणि नाही सांगितलं तर?"

"असं कसं ताई? उद्या तुम्हीच मला म्हणाल, मिस्त्री शब्दाचा कच्चा."

"मग माझं राहू द्या मागे. त्यांचं करा आधी."

"तेही विचारून ठेवलंय त्यांनी," मिस्त्री ओशाळून म्हणाले. "'ताईंचं मागे पडलं तर माझंही थांबवा.'"

आत्या उभीच राहिली. पिशवीतून शेवाळी तुकडा अर्धा बाहेर आला होता. घरी गॅस जेवणाच्या टेबलावर मांडलेला, भांडी पलंगाखाली, आतोबा दोन पातेल्यांच्या मध्ये पेपर वाचताहेत, हे सगळं तिला दिसत असणार. आणि हेही दिसत असणार की शेवाळी घेतलं तर समोरच्या दारातही शेवाळीच येणार. तिथेही डाग पडणार नाही, तिथेही काकू निवांत, आणि वर पाहुण्यांसमोर तेच वाक्य.

"आत्या," मी हळूच म्हणालो, "तुला हवंय ते घे ना. तिनेही घेतलं तर घेऊ दे."

"तुला सोफा आठवतो?"

"आठवतो."

"मग गप्प बस." तिने तुकडा पिशवीत खाली ढकलला. "मिस्त्री, काही बदलायचं नाही. लावा प्रेसला. काळंच."

रस्त्याने ती तरातरा माझ्या पुढे चालत होती. जिना चढताना मात्र मध्येच थांबली आणि म्हणाली, "तिच्याकडे दोन पोरं आहेत. शिवाय नवरा सारखा डबे हुडकत असतो."

आता दोन्ही किचनं तयार आहेत. काळी, चकचकीत, एकमेकांची छबी. लांबून बघितलं तर मासिकातली वाटतात. आतोबांना शटरला हात लावायची बंदी आहे. ते कोपराने उघडतात आणि गुडघ्याने लावतात. चहाची साखर काढताना त्यांच्याकडे बघवत नाही. आत्याच्या कमरेला सतत मऊ फडकं खोचलेलं. काकू दारात दिसली की शटरांवर घाईने दोन हात फिरवून ती फडकं लपवते आणि ओट्याला टेकून उभी राहते.

"ताई, तुमच्यावर ठसे पडतात का हो?" काकूने एकदा अगदी सहज विचारलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"छे! मला तर पुसावंच लागत नाही. का, तुझ्यावर पडतात?"

"नाही नाही. मीही कुठे पुसते!"

काकूच्या गाऊनच्या खिशातून फडक्याचं टोक बाहेर आलं होतं. ते मी पाहिलं. आत्यानेही पाहिलं. त्या दिवशी तिने मला दोनदा जेवायला वाढलं.

गेल्या आठवड्यात त्याच पाहुण्या बाई आल्या. काकू होतीच. बाईंनी दोन्ही किचनं बघितली आणि तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या म्हणाली, "अहो, तिला माझंच आवडतं. घेऊ देत हो, आपलं काय जातंय!"

काकूचा चेहरा त्या काळ्या शटरात दिसत होता. आत्या तिच्याकडे न बघता शटरात बघत राहिली. पोटभर.

शेवाळी तुकडा सिंकपाशी आहे. आत्या त्यावर ओला चमचा ठेवते, गरम कप ठेवते, तेलाची बाटली ठेवते. मी एकदा विचारलं, "वाईट वाटतं का गं?" तिने बाटली उचलून दाखवली. खाली डागाचा मागमूस नव्हता. "बघ," म्हणाली, "कसा आहे." आणि बाटली परत तिथेच ठेवली.

काल मी ऑफिसातून तिच्याकडे गेलो तर तिने मला पाव दिला. लोणी असं थापलेलं की पावापेक्षा लोणीच जास्त. मी खाल्ला, बोटं चाटली, उठून नळाकडे निघालो.

"हात धुऊ नकोस," आत्या म्हणाली.

"का?"

"काकूकडे जा. म्हणावं, आत्याने वाटीभर साखर मागितलीय."

"साखर आहे की घरात. हा काय डबा."

"माहितेय मला." तिने कमरेचं फडकं काढलं, नीट घडी केली आणि ओट्यावर ठेवलं. "आणि तिला उठवू नकोस बिचारीला. तुझं तूच शोधून घे. सगळी शटरं उघडून बघ."