तांब्याचं हीटसिंक

अण्णांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझा कॉम्प्युटर तापायला लागला. अण्णा म्हणजे माझे वडील. सातपूरच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, ते सव्वीस वर्षं ग्राइंडिंग मशीनवर होते. त्या निवृत्तीत स्वेच्छा कोणाची होती हे आमच्या सिडकोतल्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी विचारत नसे, एवढंच.

नोकरी गेली तरी ते साडेपाचला उठायचे. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारापाशी खुर्ची टाकून बसायचे. गल्लीतल्या बायका त्यांच्याकडे मिक्सर, कुकरचं सैल झालेलं हँडल, कधी शिलाई मशीन घेऊन यायच्या. अण्णा ते सगळं नीट करून द्यायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत. काम आणून दिलं, हेच उपकार वाटत असावेत त्यांना.

मी तेव्हा पंचविशीत होतो. ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता आणि घराच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत बसून बिल्डरांसाठी न बांधलेल्या इमारतींची चित्रं कॉम्प्युटरवर करायचो. गंगापूर रोडला बंगल्यांच्या स्कीम निघत होत्या. माहितीपत्रकात छापायला त्यांना हिरवळ, कारंजं, पोर्चमध्ये उभी गाडी असं सगळं दाखवणारं चित्र लागे. असं एक चित्र तयार व्हायला माझ्या मशीनला पाच-सहा तास लागायचे. मग बिल्डरचा आर्किटेक्ट म्हणायचा, गाडीचा रंग बदला. की पुन्हा पाच-सहा तास.

म्हणून मी प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा तो जास्त वेगाने पळवायचा. सायबर कॅफेत बसून मी ते शिकलो होतो. हिवाळाभर ठीक चाललं. एप्रिलमध्ये पत्रा तापला आणि चित्र निम्मं झालं की मशीन जागच्या जागी थिजायला लागलं. तपमान बघावं तर सत्तरच्या वर. प्रोसेसरवर बसवलेलं हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा पात्यापात्यांचा धातूचा ठोकळा, आणि त्यावरचा छोटा पंखा, दोन्ही कमी पडत होते. वेग कमी करणं हा साधा उपाय होता. पण आर्किटेक्टला मी चार चित्रं पंधरा दिवसांत देतो असं सांगून बसलो होतो.

मी दुकानात निघालो तेव्हा आई हळूच म्हणाली, "यांनाही घेऊन जा बरोबर. दिवसभर दारात बसून असतात."

मला ते नको होतं. तरी नेलं.

दुकानदाराने काउंटरवर तीन हीटसिंक मांडली. एक साधं, माझ्याकडे होतं तसंच. दुसरं ॲल्युमिनियमचं, उंच; त्याचा पंखा त्याने लावून दाखवला, तर शेजारच्या गिऱ्हाइकाने मागे वळून पाहिलं इतका तो किंचाळला. तिसरं तांब्याचं, जड, त्यावर मोठा पंखा.

"थंड पाहिजे असेल तर हे उंचवालं घ्या," दुकानदार म्हणाला. "आवाजाचं काय, सवय होते."

अण्णांनी ते उंच हीटसिंक उचललं. पंख्याला बोटाने एक टिचकी मारली, तो फिरून थांबेपर्यंत कान लावून ऐकलं. "हा बुशवर, नुसत्या पितळी नळीत फिरतो," ते म्हणाले. "बेअरिंग नाही याला. धूळ गेली की दिवाळीच्या आत बुश खाऊन टाकेल." मग तांब्याचं घेतलं, त्याच्या पंख्यालाही तशीच टिचकी मारली. तो बराच वेळ आवाज न करता फिरत राहिला. "याला बेअरिंग आहे. हे घे." आणि ते उलटं करून त्याच्या तळावरून त्यांनी नख फिरवलं. चेहरा आंबट झाला. "पण टेकायची बाजू, याला फेस म्हणतात का? मिलिंगच्या रेघा तशाच ठेवल्यात. हा चिपवर टेकणार कसा?"

"काका, ते असंच येतं," दुकानदार म्हणाला. "मध्ये पेस्ट लावतात ना."

"पेस्ट खड्डे भरायला असते. पण खड्डे ठेवायचेच कशाला?"

दुकानदार माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. अण्णांनी ते पाहिलं का, माहीत नाही. आम्ही तांब्याचं घेऊन आलो.

घरी आल्यावर त्यांनी स्टीलची पट्टी तळावर उभी धरून उजेडाकडे बघितलं. "मध्ये फट दिसते. पोट आत गेलंय. आमच्या मशीनवर दहा मिनिटांचं काम." बऱ्याच दिवसांनी 'आमच्या मशीनवर' हे शब्द मी ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पंखा काढून ठेवला, हीटसिंक जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलं, पिशवीत टाकलं आणि सायकलवरून कारखान्यात गेले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच.

ते गेल्यावर मी कॉम्प्युटर उघडला. जुनं हीटसिंक काढून, वाळलेली पेस्ट पुसून ठेवावी, असं मनात होतं. त्या काळातल्या माझ्या प्रोसेसरवर झाकण नसायचं. मधोमध नखाएवढी उघडी चिप, काचेसारखी ठिसूळ. हीटसिंक तिच्यावर एका स्प्रिंगच्या पट्टीने दाबून बसवलेलं असे आणि ती पट्टी सोडवायला स्क्रू ड्रायव्हरने खाली दाबावी लागे. मी दाबली. स्क्रू ड्रायव्हर घसरला, हीटसिंक एका बाजूला कललं आणि बारीकसा कुर्र आवाज झाला.

चिपच्या एका कोपऱ्यावरून खसखशीएवढा कण उडाला होता.

मी तो कोपरा बराच वेळ बघत बसलो. जुनं हीटसिंक परत बसवून मशीन चालू होतं का बघणं, हे सरळ होतं. ते मी केलं नाही. कोपरा उडूनही चालतात काही, असं कुठेतरी वाचलं होतं. तेवढ्यावर भिस्त ठेवली आणि चिपवर फडकं टाकलं. अण्णा आले की सांगू, असं ठरवलं.

अण्णा जेवणाची वेळ टळून गेल्यावर आले. पिशवी टेबलावर ठेवली, पाणी प्यायले. आईने विचारलं, "झालं का काम?"

"गेटवरचा वॉचमन नवा होता," ते म्हणाले. "म्हणतो, बाबा, पास हाय का? मी सांगितलं, टूलरूममध्ये निरोप द्या. दीड तासाने माझ्याच हाताखाली शिकलेला एक जण बाहेर आला. आता साहेब आहे तो. म्हणाला, अण्णा, बाहेरचं काम आत घेत नाहीत आता. चहा प्या म्हणाला. गेटवरच्या टपरीवर."

"मग?"

"प्यायलो."

एवढं बोलून ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. त्या दिवशी त्यांना कोपऱ्याचं सांगणं मला जमलं नाही. ते आधीच दुखावलेत, हे कारण तेव्हा मला खरं वाटलं होतं, आणि काही अंशी ते खरं होतंही.

पण अण्णा गप्प पडून राहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शोकेसची जुनी जाड काच काढली, पुसून ओट्यावर सपाट ठेवली, तिच्यावर पॉलिश पेपर पाण्याने चिकटवला आणि हीटसिंक हाताने घासायला बसले. इंग्रजी आठचा आकडा काढत, सावकाश. थोडं घासलं की तळाला निळा रंग लावून काचेवर टेकवायचे. उंच जागेवरचा रंग उतरायचा, खोलगट जागेत तसाच राहायचा. मग पुन्हा घासायचे. आई स्वयंपाक खाली स्टोव्हवर करत होती आणि एकदाही कुरकुरली नाही.

तीन दिवस हे चाललं. पेपर बारीक होत गेला. गल्लीतले त्यांचे जुने सोबती येऊन बघून जायचे. अण्णा त्यांना सांगायचे, "पोराच्या कॉम्प्युटरचं आहे. दुकानात असं करून मिळत नाही." मलाही बोलवायचे. "ये, हात लाव. जोर द्यायचा नाही. वजन त्याचं त्याला पुरेसं आहे." मी त्यांच्याशेजारी बसून घासायचो. लहानपणी ते कायम पाळीवर असल्यामुळे माझ्या आठवणीत आम्ही दोघांनी एवढा वेळ शेजारी बसून काढलेला नव्हता. तिन्ही दिवस माझ्या जिभेवर ते वाक्य होतं आणि तिन्ही दिवस मी ते गिळलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तळ आरशासारखा झाला. आईला त्यात तिचं कुंकू दिसलं. ती लाजून हसली.

बसवायची वेळ आली. अण्णांनी पंखा परत जोडला, हीटसिंक माझ्यापुढे धरलं. "तू बसव. मला त्या आतलं काही कळत नाही."

"नाही, तुम्हीच बसवा," मी म्हणालो. "तुम्ही केलंय ना एवढं."

हे वाक्य मी कौतुकाने म्हणालो की मनात काही ठरवून, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

मी पेस्टचा पातळ थर दिला. देताना माझं बोट त्या कोपऱ्यावरून गेलं. अण्णांनी चष्मा वर सारला, हीटसिंक सरळ खाली ठेवलं, पट्टी एका बाजूला अडकवली, दुसरी बाजू स्क्रू ड्रायव्हरने दाबली. माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने. टक् आवाज होऊन पट्टी बसली.

मी बटण दाबलं. पंखा फिरला, आवाज जवळपास नाहीच. पडदा काळा. बंद करून पुन्हा लावलं. काळाच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. अण्णा वाकून बघत होते. "व्हायला वेळ लागतो का?" त्यांनी विचारलं.

आणि मी ओरडलो. "इतका जोर कशाला लावलात? हे काय तुमचं लोखंड आवळायचं व्हाइस आहे का?"

"मी जोर नाही लावला," ते हळू आवाजात म्हणाले.

त्यांनीच पट्टी सोडवली, हीटसिंक काढलं, चिप पुसली, कपाटातून भिंग आणलं. भिंग धरून ते बराच वेळ वाकून राहिले.

"कोपरा गेलाय," ते म्हणाले. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. "माझ्याच हातून गेला."

मी काही बोललो नाही. आई दारात उभी होती.

तो बिल्डर वाट बघत थांबला नाही, त्याने चित्रं दुसऱ्याकडून करून घेतली. मी नवा प्रोसेसर आणला, त्याच्याबरोबर डब्यात आलेला साधा पंखा लावला आणि वेग वाढवायच्या फंदात पडलो नाही. पावसाळ्यात त्याच आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी धरली. माझं म्हणाल तर एवढंच नुकसान झालं, आणि ते सहा महिन्यांत भरून निघालं.

अण्णांचं तसं झालं नाही. शेजारच्या काकू मिक्सर घेऊन आल्या तेव्हा ते म्हणाले, "दुकानात द्या वहिनी. माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही आता. परवा पोराचा कॉम्प्युटर घालवला." काकू म्हणाल्या, असं कसं होईल. पण अण्णांनी हात पुढे केला नाही. हळूहळू कोणी काही आणेनासं झालं. मायक्रोमीटर, पट्ट्या, कानशी त्यांनी तेल लावून पेटीत भरल्या आणि पेटी कॉटखाली ढकलली. घरातला नळ गळायला लागला तर प्लंबर बोलवायला सांगायचे. पाहुणे आले, कॉम्प्युटरचा विषय निघाला की कोणी न विचारता सांगायचे, "एक माझ्या हातून गेला." सांगताना हसायचे. मी समोर बसलेलो असायचो. चहाचा कप हातात घेऊन मी खाली बघायचो. आज सांगू, असं ठरवून मी कितीदा ऑफिसातून घरी आलो असेन. दारात त्यांची खुर्ची दिसली की सायकल लावता लावता ते वाक्य विरून जायचं. जितके दिवस गेले तितकं ते जड झालं. आधी एक कोपरा लपवला होता, मग एक महिना, मग वर्षं.

ते गेले तेव्हा मी पुण्याला एका कामाला गेलो होतो. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी पोचलो तेव्हा गल्लीत माणसं जमली होती. कोणीतरी म्हणालं, फार सोन्यासारखा हात होता माणसाचा.

वर्षश्राद्ध झाल्यावर एका दुपारी आई मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. स्क्रू ड्रायव्हर घसरला तिथपासून. ती हात न थांबवता ऐकत होती. माझं बोलून झालं तरी ती जुडी संपेपर्यंत निवडत राहिली.

"त्यांना सांगितलं असतंस तर ते रागावले असते का रे?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"नाहीच," ती म्हणाली. "मी त्यांना म्हणायचे, जाऊ द्या, वय झालं, होतं असं. मीच म्हणायचे. रोज."

तिने देठं कागदात गोळा केली, भाजीची परात उचलली आणि आत गेली. मागोमाग मोरीत नळ सोडल्याचा आवाज आला. मी तिथेच बसून राहिलो. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता, आणि तिने मला विचारलं, पोळ्या आत्ताच करू की संध्याकाळी. त्यानंतर हा विषय आमच्यात कधी निघाला नाही. फक्त घरी कोणी अण्णांच्या हाताचं कौतुक करायला लागलं की आई माझ्याकडे न बघता उठून आत जाते.